अण्णांचा वर्षाचा ताप

पंचवटीतल्या आमच्या गल्लीत कॉलऱ्याची लस टोचायला पालिकेची माणसं आली, की बाकीचे मागच्या दाराने पसार व्हायचे आणि शेजारचे अण्णा लग्नाला निघाल्यासारखे अंघोळ करून, बाही वर सारून रांगेत पहिले उभे राहायचे. सत्तरच्या दशकात ही लस दरवर्षी पावसाळ्याआधी यायची. दंड सुजायचा, ताप चढायचा, गल्लीतल्या भाजीवाल्यांचा दोन दिवस धंदा बुडायचा. म्हणून तिच्या वाटेला फारसं कोणी जात नसे.

अण्णा निवृत्त मास्तर. "हिशेब करा की," हे त्यांचं पालुपद. तोटा काय, तर दोन दिवसांचा ताप. फायदा काय, तर वर्षभर घोर नाही. समोरचा "पटलं" म्हणेपर्यंत ते त्याचा शर्ट सोडत नसत.

संध्याकाळी ठरल्यासारखा ताप यायचा. अण्णा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं कण्हायचे. बाजारातून पिंपळगावला परतणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर निरोप जायचा आणि सकाळी त्यांची लेक शकू एसटीने हजर. ती कपाळावर पट्ट्या ठेवायची, मऊ भात भरवायची. कशाला आलीस, लसीने कोणी मरतं का, असं तिच्यावर डाफरत अण्णा सगळा भात संपवायचे. आम्हाला हसू यायचं.

एका वर्षी मात्र ताप आलाच नाही. अण्णा तावातावाने नर्सबाईंकडे गेले आणि लस शिळी होती, दुसरी टोचा, म्हणून हटून बसले. ताप आला नाही तरी लस लागू पडते, असं त्या बिचारीने परोपरीने समजावलं. अण्णा परत येऊन ओट्यावर बसून राहिले. आत पट्ट्यांची फडकी धुऊन घडी करून ठेवली होती. शकूसाठी आंब्यांची आढी लावली होती.

मी विचारलं, "अण्णा, शकूला नुसतं ये म्हणून कळवू का?"

"नुसतं कसं कळवायचं रे? तिच्या सासरी कारण लागतं. वडील आजारी आहेत म्हटलं की सोडतात." त्यांनी मान पुढे केली. "बघ बरं, कपाळ गरम लागतंय का?"

मी हात ठेवला. कपाळ गार होतं. लेक दिसावी म्हणून या माणसाला दरवर्षी ताप घ्यावा लागत होता, याचं मला फार वाईट वाटलं.

"थोडा आहे," मी म्हणालो. "टेम्पोवाल्याला सांगून येतो."

अण्णा लगबगीने आत जाऊन अंथरुणावर पडले. मी पायरी उतरतोय तोच त्यांनी हाक मारली.

"थोडा म्हणू नकोस हं. थोड्याला सोडत नाहीत."