ओट्यामागची भिंत

दादाराव इंगळ्यांच्या घरात खुर्चीवर घड्याळ बसतं आणि माणसं उभी राहतात. एखादा नवखा पाहुणा घड्याळ उचलून बसायला गेला, की दादाराव तिथल्या तिथं अडवतात, "त्याले नोको हलवू. तू पलंगावर बस." कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं. आरसा जमिनीवर, पिठाच्या डब्याला टेकवलेला. त्यामुळे सत्तरी ओलांडलेला हा माणूस रोज सकाळी मांडी घालून, गालाला साबण लावून डब्यापुढे बसतो, आणि गल्लीतून जाणाऱ्याला वाटतं, पिठाची पूजा चालली आहे. बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, फोटो फ्रिजवर, हारासकट. फ्रिजचं दार जोरात लागलं की काकू मान हलवतात. मग दादाराव म्हणतात, "हाव, हाव, हळू लावतो."

या सगळ्याचं कारण एकच. त्यांच्या घरात भिंतीला खिळा मारायचा नाही. "भिंतीले भोक पाडाचं नाई," हा तिथला कायदा. आणि कायदा करणारा कोण, तर ज्यानं उभी हयात भोकं पाडण्यात घातली तो. दादाराव बोअरच्या मशीनवर होते. इकडे अकोल्यापासून तिकडे वलगाव, चांदूर बाजारपर्यंत कितीतरी शेतांत त्यांनी पाण्यासाठी जमीन पोखरली. कुणी विचारलं, घरात एक खिळा का चालत नाही, तर उत्तर माणूस बघून मिळायचं. एकाला, "जिंदगीभर भोकं पाडले, आता घरात तरी नोको." दुसऱ्याला, "भिंत हाय ते, चाळणी नाई."

मशीनवर त्यांचा कान तयार झाला होता. खाली मुरूम लागला की काळा दगड, हे त्यांना आवाजावरून कळे. मशीन सुटलं पण सवय राहिली. "पयले ठोक, मंग बोल," हे त्यांचं पालुपद. मडकं असो, टरबूज असो, नाहीतर दवाखान्यातलं टेबल, बोटाच्या पेरानं टकटक केल्याशिवाय ते त्याबद्दल मत देत नाहीत. त्यांची मुलगी वैशाली माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्यासाठी स्थळ बघायला चांदूर बाजारला गेले, तर पोहे येईपर्यंत यांनी पाहुण्यांचं लोखंडी कपाट वाजवून पाहिलं आणि भर बैठकीत म्हणाले, "कपाट रिकामं हाय. लोक वाजतेत लय." ते स्थळ तिथंच मोडलं. पुढे वैशाली लग्न होऊन अमरावतीला गेली. त्या घरात त्यांनी काय वाजवलं ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही.

वैशाली तिथं शाळेत शिकवते. मी मात्र आहे तिथंच आहे. माझं सासर माहेरापासून चार घरं सोडून, जठारपेठेच्या मागच्या त्याच गल्लीत. त्यामुळे वैशालीच्या बाबांवर नजर ठेवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. काकू गेल्यापासून तर जास्तच.

तर गोष्ट त्यांच्या ओट्यामागच्या भिंतीची. दादाराव स्वतः स्वयंपाक करतात, आणि करतात म्हणजे वऱ्हाडी हातानं करतात. तेल धुरावलं नाही तर त्यांना फोडणी दिल्यासारखं वाटत नाही. भिंत तेलकट होऊ नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. महिना संपला की कॅलेंडरचं पान फाडायचं आणि शेगडीच्या मागे भाताच्या शितांनी चिकटवायचं. काकांच्या ओट्यामागे कायम मागचा महिना असे. एका सकाळी ठेच्यासाठी मिरच्या परतताना भडका उडाला आणि पान पेटलं. काकांनी कळशी ओतून विझवलं, आणि वर स्वतःच वैशालीला फोन करून मोठ्या ऐटीत सांगितलं, "ऑगस्ट जळला व, पन सप्टेंबर वाचला."

वैशालीला ऑगस्टचं काही नव्हतं, तिला बापाची काळजी होती. तिनं निर्वाणीचं सांगितलं, "दिवाळीले मी येऊन राहिली. तवालोक त्या भिंतीवर न जळनारं काई दिसलं नाई, तर गॅस बंद, घराले कुलूप, अन् बाबा अमरावतीले." ती बोलते तसं करते. तिनं फोनवरून एका फर्निचरवाल्यालाही पाठवलं. तो ड्रिल घेऊन आला, तसे दादाराव दोन्ही हात पसरून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "पयले मले पाड भोक," म्हणाले. तो माणूस चहाही न घेता गेला.

मग वैशालीचा मला फोन. "मंदे, भोक न पाडता लावता येईन असं काई भेटते का पाय न. तूच जाय त्याइच्यासंगं. एकटे गेले तर दुकान वाजवून वापस येतीन."

मी सोबत गेले, तरी दुकान वाजलंच. पहिल्या दुकानात चकचकीत चिकटपट्टीचा कागद होता, मागचं कव्हर काढायचं आणि लावायचं. काकांनी तो ठोकला, खूश झाले. घरी आणून लावला. त्यांच्या भिंतीवरच्या तेलानं तो संध्याकाळपर्यंत सुटला आणि वरणात पडला. दुसऱ्या दुकानात प्लास्टिकचं जाड शीट, वर संगमरवराची नक्षी. काकांनी टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "मुका हाय." तिसऱ्या ठिकाणी काच, तिच्यावर लिंबं आणि पुदिना छापलेला. मला ती फार आवडली. काका म्हणाले, "हे बहिरी हाय." दुकानदार हसून म्हणाला, "काका, टरबूज नाही ते." काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुढचा माल दाखवायच्या आधी स्वतःच एकदा ठोकून बघायला लागला.

शेवटी स्टीलचा पत्रा. हॉटेलांच्या भटारखान्यात लावतात तसला, साधा, नक्षी नाही. काकांचा चेहरा जरा खुलला. दुकानदार म्हणाला, "भोक नको असेल तर मागून फोमची टेप लावून देतो." काकांनी हात मागे घेतला. "मधात फोम? म्हंजे कानात कापूस."

माझा पारा चढला. उन्हात चौथं दुकान, पायात गोळे, घरी कुकर लावायचा राहिलेला. मी म्हटलं, "काका, तुम्हाला भिंत झाकायची आहे की वाजवायची आहे?"

"दोनी," ते म्हणाले. एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस हे अगदी हळू म्हणाला. परत फिरत त्यांनी त्या त्या दुकानातून प्लास्टिक, काच आणि स्टील, तिन्हींचे तुकडे नमुन्यादाखल मागून घेतले, ऑटोत टाकले, आणि वाटेत मला म्हणाले, "मंदा, तू आता हबीबच्या घरी जाय. त्याच्या खाटेपाशी बस. मी इकडून भिंतीले एकेक तुकडा लावून धरतो. काय व्हते ते पाय."

हबीबभाई म्हणजे काकांचे मशीनवरचे जोडीदार. काका रॉडपाशी, हबीबभाई मागे कॉम्प्रेसरच्या गाडीवर. बरे दिवस आले तेव्हा दोघांनी मिळून एकच प्लॉट घेतला आणि विटा वाचाव्यात म्हणून मधली भिंत एकच ठेवून शेजारी शेजारी दोन घरं बांधली. इकडे काकांचा ओटा, तिकडे हबीबभाईंची खाट. दोनेक वर्षांपूर्वी हबीबभाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आणि तेव्हापासून दादारावांनी त्या घराची पायरी चढणं सोडलं होतं. गल्लीत याची चर्चा होती. जन्माचा जोडीदार पडला आणि हा शेजारी असून भेटायला जात नाही, असं लोक म्हणत. मलाही ते खुपायचं.

मी गेले. हबीबभाईंच्या पत्नी नसीमभाभींनी मला स्टूल दिलं आणि मी काही सांगायच्या आत म्हणाल्या, "मालूम है बेटा. ऑटो से उतरते ही भिंती में खुडबुड चालू है उनकी." हबीबभाई भिंतीकडे तोंड करून पडले होते. डाव्या हातात चांदीची अंगठी. खाटेजवळच्या रंगाला त्या अंगठीनं एके ठिकाणी पार गुळगुळीत केलं होतं.

मी काकांच्या टकटकीची वाट बघत बसले. पण पलीकडून काहीच आलं नाही. उलट हबीबभाईंनीच हात उचलला आणि अंगठीनं भिंतीवर ठोकलं. थांबले. पलीकडे शांत. त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा शांत. त्यांचे डोळे भाभींकडे वळले, आणि त्या डोळ्यांत अशी घालमेल होती की मी स्टुलावरून उठलेच. भाभी म्हणाल्या, "है, है, वहीं है वो. शीट बदल रहा होगा." नंतर कधीतरी, बहुधा काचेच्या वेळी, फार बारीक काहीतरी आलं. हबीबभाईंनी मान हलवली, नाही म्हणून. आणि मग एकदम खणखणीत उत्तर आलं, अगदी माझ्या कानाशी ठोकल्यासारखं. हबीबभाईंचा चेहरा अर्धाच हसू शकतो. तेवढा हसला.

भाभींनीच मला समजावलं. मशीन सुरू असलं की माणसाला माणसाचं ऐकू येत नसे. म्हणून हे दोघं लोखंडी पाइपावर पाना ठोकून बोलायचे. थांब, सोड, चालू कर, पाणी लागलं, सगळ्याच्या ठोकण्याच्या खुणा ठरलेल्या. "ज़बान गई, ये थोडी गई," भाभी म्हणाल्या.

मी धावतच काकांकडे गेले. ते स्टीलचा तुकडा दोन्ही हातांनी भिंतीवर दाबून, त्याला कान लावून उभे होते. मी म्हटलं, "काका, हेच घ्या. तुमचं ऐकू येतं त्यांना."

"माह्यं नाई व," ते म्हणाले. "त्याचं मले ऐकू आलं पायजे."

तुकडा खाली ठेवून ते पलंगावर बसले. खुर्चीवर घड्याळ होतंच. मी विचारलं, "मग तिकडे जाऊन का नाही भेटत त्यांना?"

"गेलो व्हतो ना. मले पायलं की तो रडते. अन् तो रडला की मीबी. तिकडं बसून आमी दोघं निस्ते रडत राहतो. भिंतीतून रडू ऐकू येत नाई, तं बोलनं व्हते." मग म्हणाले, "तुही काकू गेली ना, तवा मी उठतच नवतो. चहा कोनासाठी कराचा? दुपारलोक पडून राहो. एक दिवस भिंतीतून आवाज आला. 'चालू कर.' मशीनवरचा. मी उठलो नाई, तं तो ठोकतच रायला. नसीमभाभीनं सांगतलं, हात सुजला त्याचा. मंग उठलो, गॅस लावला, चहाचा गंज पान्यानं भरला, आदळला ओट्यावर. तवा थांबला. तवापासून रोज हेच. मी गंज ठेवल्याबिगर तो थांबत नाई. आता इथं खिळा ठोकला, तं त्याले वाटन, मी काई बोलून रायलो."

आम्ही सगळे समजत होतो, की धडधाकट माणसानं खाटेवरच्या माणसाला वाऱ्यावर सोडलं. आणि इथं बोलता न येणारा, उठता न येणारा तो माणूस रोज सकाळी या धडधाकट माणसाला अंथरुणातून उठवत होता. तिथंच ओट्याला टेकून मी रडून घेतलं. काकांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाले, "पत्रा केवढा लागन ते तं मोज."

पत्रा लागला. फोम नाही, टेप नाही. भिंत सोड्यानं घासून घेतली आणि चिकटवायचं सामान काकांनी स्वतःच्या हातानं, पोळीला तूप लावावं तसं पातळ पसरलं. भोक एकही नाही.

दिवाळीला वैशाली आली. तिनं पत्र्यावरून बोट फिरवून पाहिलं, तोंड वाकडं केलं, "हॉटेलासारखं दिसते," म्हणाली, पण समाधान तिला झालं होतं. भिंतीचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं नव्हतं. तिनं मात्र रात्री जेवताना अमरावतीचा विषय काढलाच. "भिंत झाली ते चांगलं झालं बाबा. पन कायले एकटे राहता? तिकडं चहा हातात भेटन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापाला जरा झोपू द्यावं म्हणून ती स्वतःच स्वयंपाकघरात गेली. पुढचं तिनं मला सांगितलं ते असं. ती गॅस पेटवणार, तोच पत्रा वाजला. तिला वाटलं, तापल्यानं वाजला, पण गॅस तर पेटलाच नव्हता. तिनं चहाचा गंज ठेवला. पत्रा पुन्हा वाजला. तिनं आलं किसलं, साखर टाकली, झाकण ठेवलं. ठोकणं थांबेना, उलट वाढत चाललं, घाईघाईचं. ती घाबरली. तेवढ्यात दादाराव उठून आले, विस्कटलेल्या केसांनी, अनवाणी. तिला हातानं बाजूला केलं. उकळी यायला लागलेला गंज फडक्यानं उचलला आणि ओट्यावर आदळला, त्यांच्या पद्धतीनं.

पलीकडे ठोकणं थांबलं.

"त्याले समजते," काका लेकीला म्हणाले, "गंज कोनी ठेवला ते."

चहा ओट्यावर सांडला होता. वैशालीनं तो पुसला नाही. तिनं आधी पत्र्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. संध्याकाळी माझ्याकडे फराळाला आली, तेव्हा चकली हातात धरून नुसती बसली होती. मग म्हणाली, "मंदे, बाबाले मी नाई नेत."