कढीपत्त्यावरील अळ्यांस अभय मिळाले त्याची बखर

श्रीशारदेचे चरणी मस्तक ठेवून, झाड लावणारा हात आणि पान खाणारा जीव या उभयतांस नमन करून लिहिले जाते ऐसे जे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, भाद्रपद मासी, नदीकाठच्या एका राज्यात एक शाळा होती. तेथील कारभार मुख्याध्यापिका मंदाकिनीबाई पाहात. बाई करारी, शिस्तीच्या कडक, परंतु पोरांवर जीव. शाळेमागे ओसाड जागा पडली होती. तेथे सातवीच्या मुलांनी मसलत केली की, बाग करावी आणि फुलपाखरे आणावी. मोहिमेची सरदारी कालिंदी शेलार या मुलीस मिळाली. कालिंदी अबोल, वर्गात हात वर करावयास कचरे, परंतु मातीस हात लागला म्हणजे तहानभूक विसरे. मग सर्व फौजेने दगड वेचिले, आणि शेणखत पाट्यांनी वाहिले, आणि कढीपत्ता, लिंबू, रुई लाविली, आणि पाखरांस पाणी प्यावयास मातीची परळे मांडिली. झाडे जोमाने वाढली, आणि फुलपाखरे येऊन पानांवर अंडी घालून गेली. बाई बहुत संतोष पावल्या, आणि आसपासच्या शाळांचे बागांची पारख व्हावयाची होती तीत आपलेही नाव घातले. पहिल्या बागेस ढाल मिळणार होती. कालिंदीस आजवर कशातच बक्षीस नव्हते. ढाल आपल्या हाती आली आहे, ऐसे तिला वर्गात बसल्या बसल्या दिसू लागले.

तो अंड्यांतून अळ्या निघाल्या, आणि पानांवर तुटून पडल्या, आणि कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या राहिल्या. मग अळ्यांनी लिंबाकडे मोर्चा वळविला. पारखीस पाहुणे यावयाचा दिवस तोंडावर आलेला. बाईंनी बाग पाहिली, आणि शिपाई दाजीबांस हुकूम फर्माविला की, काड्या उपटून तेथे गुलाबाच्या कुंड्या मांडाव्या आणि लिंबावर औषध फवारावे. फौज खाली मान घालून उभी राहिली. कालिंदीचे मनी मोठा पेच पडला. औषध मारिले तर बाग हिरवी राहील आणि ढाल येईल, हे तिला स्वच्छ दिसत होते. इतक्यात एक हिरवी अळी काडीस धागा बांधून निजावयाची तयारी करीत होती, तिजवर नजर गेली. मग ती पुढे होऊन दाजीबांच्या फवारणीच्या पंपासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, औषध मारू नका."

"अगं, पाहुण्यांना या काड्या दाखवू का मी?"

"या अळ्यांचीच फुलपाखरं होणार, बाई. आपणच त्यांना बोलावलंय. जेवायला बोलावून ताटावरून उठवायचं कसं?"

"आणि ढाल गेली तर?"

"सगळ्यांत जास्त मलाच हवी आहे ती," कालिंदी म्हणाली. "तरी नको."

बाई शिपायाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "दाजीबा, पंप आत ठेवा. पण पाहुण्यांना हे सगळं तूच सांगायचंस, कालिंदी."

पाहुणे आले. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी आधी अडखळली, मग सावरली, आणि एकेक कोष दाखवून सांगती जाहली. पाहुण्यांनी आदराने ऐकिले, आणि ढाल दुसऱ्या शाळेच्या गुलाबांस दिली. फौज हिरमुसली. कालिंदीची जिवलग मैत्रीण शर्वरी म्हणाली, "तुझ्यामुळे गेली," आणि दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. कालिंदी बागेस पाणी घालीत राहिली, आणि डोळे पुसावयाचे ते झाडांआड पुसले.

मग एके सकाळी शर्वरी सहज बागेत गेली, तो एक कोष उकललेला, आणि आतून ओला काळा पंख बाहेर येतो आहे. तिने हाक मारिली नाही. पाय न वाजविता गेली आणि कालिंदीचा हात धरून तिला घेऊन आली. मागोमाग अवघा वर्ग आला. बाईही आल्या, आणि प्रार्थनेची घंटा वाजवू नका म्हणोन दाजीबांस खूण केली. पंख वाळले, त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ उमटली, आणि फुलपाखरू कौलांवरून निघून गेले. त्या दिवशी शाळा उशिरा भरली, आणि कोणास शिक्षा जाहली नाही.

हकीकत इतकीच. पुढे कढीपत्त्यास नवी पालवी फुटली, तीही अळ्यांनी खाल्ली, आणि बाईंनी मुलांस आणखी रोपे लावावयास सांगितले. लिहिणाराचे कमीअधिक वाचणारांनी पदरात घ्यावे.