फारकतीच्या खेळास पिवळा दोरा बांधिला, त्याची हकीकत

श्री. जी देवता अंधारात बसलेल्या हजार माणसांस एकदम हसविते आणि त्यांतल्याच एखाद्यास कोणाला कळू न देता रडविते, तीस आधी दंडवत. शके १७१२, साधारण नाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पंचमीपासून पौष शुद्ध दशमीपर्यंत एका राज्यात जे घडले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. जे तेथे राहतात त्यांस ते ठाऊक आहे आणि इतरांस कळून उपयोग नाही. त्या राज्यात पडद्यावरच्या खेळांचे वेड फार. भिंगामागे मशाल लावावी आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर माणसे चालावी, बोलावी, भांडावी आणि पुन्हा गोड व्हावी, ऐसा तो प्रकार. आणि खेळ शहरात आला म्हणजे विणकर माग सोडून आणि वैद्य रोग्याची नाडी सोडून धावत. सबब राणीसाहेबांनी बंदोबस्त केला होता की खेळ रयतेपुढे होण्याआधी दरबारच्या परीक्षकाने रिकाम्या खेळघरात एकट्याने पाहावा, आणि त्याच्या उजव्या हाताशी चिंचोक्यांची टोपली व डाव्या हाताशी पितळी वाटी असावी. मग खेळात शिवी आली की एक चिंचोका वाटीत टाकावा, आलिंगन गरजेहून लांबले की एक, वडीलधाऱ्याची टवाळी झाली की एक, आणि रक्त दिसले की दोन. मग वाटी मोजावी. पाचापर्यंत निघाले तर दारास पांढरा दोरा, पोरांनी खुशाल एकटे यावे. सहापासून विसापर्यंत पिवळा, म्हणजे पोराने यावे परंतु एका अंगास आई आणि दुसऱ्या अंगास बाप बसवून; दोहोंतले एक नसेल तर पोरास दारातून परत लावावे. विसावर गेले तर तांबडा, आणि मग सोळा वर्षांच्या आतले कोणी त्या गल्लीतही फिरकू नये.

हे परीक्षकाचे काम बारा वर्षे निळो बल्लाळ यांजकडे होते. मनुष्य नेक. सख्ख्या मेहुण्याच्या खेळास त्यांनी तांबडा दोरा बांधिला होता आणि मेहुणा वर्षभर त्यांच्या घरी पाणी प्याला नव्हता, तरी दोरा सुटला नाही. हे निळोपंत खालच्या पेठेत एकटे राहत. आणि त्यांचे कुटुंब भिवराबाई आणि दहा वर्षांची कन्या येसू या वरच्या पेठेत राहत. कारण दोन वर्षांमागे पंचांसमक्ष उभयतांची फारकत जाहली होती, ती येणेप्रमाणे:

(येथे अर्धे पान कोरे आहे. समासात दुसऱ्या हाताने लिहिले आहे: ‘कारण विचारिले असता दोघेही म्हणतात, समोरच्याची चूक नाही. मग लिहावे काय?’)

आणि फारकतीनंतर येसूने पौर्णिमेस आणि अमावास्येस खाली यावे, बापापाशी जेवावे आणि दिवस कलता वर जावे ऐसे ठरले. बाकीचे दिवस निळोपंत कसे काढीत ते कोणी विचारिले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. तांदूळ धुण्यास घेतले की त्यांचा हात तिघांचे तांदूळ काढी, मग ते दोन मुठी परत टाकीत आणि मनाशी म्हणत, हातास सवय आहे, दुसरे काही नाही. पूर्वी भिवराबाई त्यांस नुसते ‘ऐकलंत का’ म्हणत आणि त्या दोन शब्दांत सगळे येई. आता वाटेत भेटल्या तर ‘पंत’ म्हणत, जसे अवघे शहर म्हणे. आणि हे ‘पंत’ ऐकिले की त्यांस वाटे, आपण आपल्याच दारात पाहुणे आलो आहो.

तो मार्गशीर्ष वद्य पंचमीस सिदोजी खेळवाला नवा खेळ घेऊन शहरात आला. खेळ हसण्याचा आणि प्रीतीचा, परंतु विषय फारकतीचा. त्यात ऐसे होते की एका कुंभाराचे आणि त्याच्या बायकोचे पटेना, मग ते पंचांपुढे गेले, आणि पंचांनी सांगितले की घरातली एकूणएक वस्तू वाटून घ्या, वाटणी पुरी होईल त्या दिवशी फारकत. मग ती दोघे वाटायास बसली आणि पाटा याने घेतला तर वरवंटा तिने, झोपाळ्याची एक कडी याची तर दुसरी तिची, आणि म्हशीचे पुढचे पाय याचे तर मागचे तिचे, सबब वैरण यानेच घालायची आणि दूध तिनेच काढायचे. ऐसे हसविता हसविता खरोखरीच फारकत होते आणि बाई एकटी राहते. आणि मग एके सकाळी तोच कुंभार नवे धोतर नेसून अनोळखी माणसासारखा तिच्या दारी येतो आणि विचारतो, ‘बाई, या घरी कोण राहते?’ आणि ती हसते आणि दार उघडते, आणि पडदा विझतो.

निळोपंतांनी हा खेळ रिकाम्या खेळघरात पाहिला. कुंभाराने सासूस म्हैस म्हटले, एक चिंचोका पडला. बाईने कुंभारास भोपळ्या म्हटले, दुसरा पडला. सरपंचाची टवाळी जाहली, तिसरा. एक आलिंगन लांबले, चौथा. तो पंतांनी जरा उशिरानेच टाकिला. आणि मग ते दारावरचे प्रकरण आले, आणि पडदा विझला, आणि पंत उठले नाहीत. त्यांच्या मनात आले की या शेवटात शिवी नाही, रक्त नाही, परंतु ज्या पोरांचे आईबाप फारकतीने निराळे राहतात ती पोरे हे पाहतील आणि मग रोज सकाळी दाराकडे बघत बसतील. आशेस किती चिंचोके, हे कायद्यात लिहिलेच नव्हते. हा विचार परीक्षकाचा होता आणि खरा होता. परंतु त्याच्या मागोमाग दुसरा आला, तो परीक्षकाचा नव्हता. तो ऐसा की चारांचे सहा जाहले तर दोरा पिवळा होईल, आणि पिवळा जाहला तर येसूस एकटीने येता येणार नाही, आणि मग येसूच्या एका अंगास भिवराबाई बसतील आणि दुसऱ्या अंगास, दीड प्रहर, आपण. आणि पंतांच्या हाताने टोपलीतले दोन चिंचोके उचलिले आणि वाटीत टाकिले. बारा वर्षांत प्रथमच.

दुसरे दिवशी पिवळा दोरा बांधिला आणि पौष शुद्ध दशमीचा पहिला खेळ दवंडीने जाहीर जाहला. शहरात हाहाकार. रंगारी आळीतले एक जोडपे सात वर्षे एका घरात राहून एकमेकांशी भिंतीस उद्देशून बोलत असे. त्यांच्या तीन पोरांनी हट्ट धरिला, तेव्हा नवरा भिंतीस म्हणाला, ‘खेळास बसावे लागेलसे दिसते,’ आणि बायको भिंतीस म्हणाली, ‘मधे तिन्ही पोरे बसतील तर बसू.’ (दुसऱ्या प्रतीत ‘तिन्ही पोरे आणि एक गाठोडे’ ऐसा पाठ आहे.) निळोपंतांनी मात्र नवे उपरणे आणविले, घडी मोडून पाहिले आणि पुन्हा घडी घातली. अमावास्येस येसू आली आणि जेवता जेवता तिने सांगितले की शाळेत या खेळावाचून दुसरी गोष्ट नाही. बापाने विचारिले, तुला पाहायचा आहे काय. ती म्हणाली, पाहायचा तर आहेच. आणि मग आईस विचारते, म्हणून खाली मान घालून भात कालवू लागली. तो भात तिने दहा वेळा कालविला. पंतांनी त्याच दिवशी वरच्या पेठेत चिठ्ठी धाडिली: कायदा ऐसा आहे, पोरीची इच्छा आहे, आपली मर्जी कळावी.

मर्जी कळविण्यास भिवराबाई आपण स्वतः आल्या. पौष शुद्ध तृतीयेस, भर दुपारी, परीक्षकाच्या कचेरीत. पंतांनी बसायास घातले, त्या बसल्या नाहीत. पदराने घाम टिपला आणि म्हणाल्या, ‘पंत, चार पडले होते की सहा?’ पंत म्हणाले, बाई, वाटीची मोजणी दरबारी जमा आहे. त्या म्हणाल्या, ‘वाटी मी पाहिली नाही. सिदोजी बाजारात सांगत हिंडतो आहे. तो पडद्यामागे बसून वाटीचा खणखणाट ऐकत होता. खेळ चालू असता चार वाजले आणि मशाल विझविल्यावर दोन. तो म्हणतो, आमच्या खेळातल्या सगळ्यांत वाईट गोष्टी खेळ संपल्यावर घडल्या. लोक हसतात. मी हसले नाही.’ मग पंतांनी शेवटाची गोष्ट काढिली, की हा शेवट पोरांस बाधेल, भलतीच आस लावील. आणि बाईंनी सगळे ऐकून घेतले, कारण त्यांस ते खोटे वाटले नाही. मग म्हणाल्या, ‘तसे असेल तर ज्या पोरांस बाधायचा, तीच तुम्ही दाराबाहेर ठेविली. ज्यांचे दोन्ही आहेत ती आत बसतील. येसूच्या शाळेत नऊ पोरे अशी आहेत ज्यांच्या एका अंगास कोणी नाही. कोणाचा बाप मेला, कोणाचा मोहिमेवर गेला, कोणाची आई माहेरी जाऊन राहिली. त्यांनी कोणास आणून बसवावे?’ हे परीक्षकाच्या ध्यानातच आले नव्हते. बारा वर्षे पिवळे दोरे बांधिले, आणि दारातून परत जाणारी पोरे त्यांनी कधी पाहिली नव्हती, कारण ते नेहमी आत असत.

तरी पंतांनी विचारिले, ‘पण येसूसाठी, बाई, तुम्ही येऊन बसाल काय?’ आणि भिवराबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, आणि पुष्कळ दिवसांनी त्यांचा आवाज मऊ जाहला. म्हणाल्या, ‘बसेन. तुम्ही म्हणाल तर उद्या बसेन. पोरगी मधे बसेल, तुमचा हात धरील, माझा धरील. मग मशाल विझेल आणि आपण बाहेर येऊ, आणि मी चढ चढू लागेन आणि तुम्ही उतार उतरू लागाल. तिने ते एकदा पाहिले आहे. पुन्हा पाहायास लावायचे असेल तर सांगा, मी लुगडे काढून ठेवते.’ पंतांनी सांगितले नाही. बाई गेल्यावर पंतांनी टोपलीतला एक चिंचोका घेतला आणि संध्याकाळपर्यंत मुठीत धरिला, आणि तो का धरिला ते त्यांस विचारिले असते तर सांगता आले नसते.

मग सप्तमीस निळोपंत आपल्या पायांनी दरबारी गेले आणि राणीसाहेबांपुढे उभे राहून म्हणाले की फारकतीच्या खेळास दोन चिंचोके जादा पडले आहेत, ते काढावे आणि दारास पांढरा दोरा बांधावा. कारभाऱ्यांनी विचारिले, मोजण्यात चूक? पंत म्हणाले, मोजणी बरोबर होती, टाकण्यात चूक. राणीसाहेब बोलिल्या, ‘दोन कोणत्या कारणाने टाकिले?’ पंत म्हणाले, ‘एक खेळाच्या शेवटासाठी. दुसरा माझ्यासाठी.’ दरबारात कोणीतरी हसले आणि मग कोणी हसले नाही. आणि राणीसाहेबांनी आज्ञा केली की दोरा पांढरा करावा. पिवळ्या दोऱ्याचा कायदाही पुन्हा लिहावा, पोराशेजारी कोणीही एक वडीलधारे माणूस पुरे. आणि निळो बल्लाळ यांजकडून वाटी आणि टोपली काढून घ्यावी, कारण ज्याचा हात एकदा आपणासाठी टोपलीत गेला त्यास तो पुन्हा जाईलसे वाटत राहते. आणि वर्षभर त्यांनी खेळघरात पाऊल ठेवू नये. पंतांनी मुजरा केला आणि वाटी स्वच्छ घासून परत केली.

दशमीस तिसऱ्या प्रहरी खेळ जाहला. पोरे थव्याने आली, कोणी आईसह, कोणी आजोबांसह, पुष्कळशी एकटीच, आणि येसू शाळेच्या मैत्रिणींसह. निळोपंत समोरच्या पाणपोईच्या ओट्यावर बसून राहिले. आत हसण्याचे लोट उठत, आणि कोणत्या हसण्यास म्हशीचे पाय आणि कोणत्या हसण्यास झोपाळ्याची कडी हे त्यांस बाहेरून कळत होते. मग एकदा सगळे शांत जाहले, तेव्हा त्यांनी जाणिले की आता कुंभार दारी आला; आणि ते उठून उभे राहिले. थोड्या वेळाने दारे उघडली, पोरे बाहेर सांडली, आणि येसू मैत्रिणींस सोडून ओट्याकडे आली. बापलेक वरच्या पेठेची वाट चालू लागली आणि येसू खेळ सांगू लागली, जणू बापाने तो पाहिलाच नव्हता, आणि पंत जेथे हसायचे तेथे हसले. परंतु चढ निम्मा जाहला तरी ती शेवटाशी येईना. तेव्हा पंतांनी, जीव मुठीत धरून, सहज विचारावे तसे विचारिले, ‘आणि शेवट? शेवट कसा वाटला?’

येसू म्हणाली, ‘तो लहान पोरांसाठी आहे, आबा. कुंभार परत येतो वगैरे. पुढल्या रांगेतल्या बारक्यांनी टाळ्या पिटल्या.’

दहा पावले चालून येसूने वर पाहिले आणि विचारिले, ‘तुम्हांस आवडला होता काय?’

पंत म्हणाले, ‘होय, येसू. फार.’

मग येसूने त्यांचे बोट धरिले, जे ती सहा वर्षांची असता धरीत असे आणि पुढे मोठी जाहले म्हणून सोडिले होते, आणि वरच्या पेठेपर्यंत धरून ठेविले.

येथवर हकीकत. सारांश इतकाच की सदरहू खेळ मुलांनी पाहण्यास हरकत नाही, त्यांस खेळ आणि घर यांतला फरक कळतो. मोठ्यांनी पाहावा की नाही आणि पाहिल्यास शेजारी कोणास बसवावे, याचा निवाडा त्या दरबारात अद्याप जाहला नाही. लेखनसीमा.