धामणवाडीच्या बायांनी टँकर सर केला त्याची हकीकत

श्रीगजानन समर्थ. शके एकोणीसशे सोळा, भावनाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध पक्षी विधानसभेच्या मतांची मोजदाद जाहली. ते समयी मंठे परगणियात मौजे धामणवाडी येथे जो रणसंग्राम गुजरला तो यथास्थित न लिहावा तर पुढील पिढ्या म्हणतील की वडील नुसते चहा पीत बसले होते, सबब कलम हाती धरिली.

वाडीची विहीर माघातच आटली होती. परंतु कपबशी निशाणाचे उमेदवार अण्णासाहेब यांची वाडीवर मेहेरनजर बहुत. प्रचाराचा नारळ फुटतांच त्यांनी रोज एक टँकर पाणी रवाना करावे, आणि टँकरावर आपली तसबीर लावावी, आणि रयतेने आधी तसबिरीस रामराम करावा, मग घागर भरावी, ऐसा शिरस्ता पडला. वाडीत अण्णासाहेबांची सरदारी पुंजारामांकडे होती. त्यांची बायको सगुणाबाई, तिजकडे घरच्या घागरी आणि रांजण एवढाच सरंजाम.

मोजदादीचे दिवशी दोन प्रहरी खताच्या दुकानातील फोनवर वर्तमान आले की कपबशी आघाडीवर आहे. मग पुंजारामांस वीरश्री चढली, आणि त्यांनी हलगी लावली, आणि गुलालाची गोणी फोडली, आणि जो दिसेल तो माखिला, बैलही सोडिला नाही. अण्णासाहेबांनीही खुशीत येऊन पाण्याचा टँकर वाडीकडे रवाना केला.

दिवस कलता फोन पुन्हा वाजला. शिवणयंत्र निशाणाचे बद्रीनाथ निवडून आले, कपबशी पार फुटली. अण्णासाहेबांचा हुकूम सुटला की टँकर भरला तैसाच माघारी फिरवावा, बेइमान मुलखास घोटभर पाणी देऊ नये. पुंजारामांनी हुकूम शिरी धरिला आणि वेशीत येऊन टँकर अडविला.

"भुजंगा, गाडी फिरव. वरून सांगून राह्यलेत," ऐसे त्यांनी ड्रायव्हरास फर्माविले.

इतक्यात सगुणाबाई पुढल्या चाकासमोर घागर टेकून बसल्या, आणि बाकी बाया मागल्या चाकांशी बसल्या, आणि टँकरास दोन्ही वाटा बंद जाहल्या.

"सगुणे, ऊठ. अण्णासाहेब हरले."

"ते हरले, मंग आम्ही तहानेनं मरावं का? सकाळधरनं घरात थेंब न्हाई. लेकरं रडून राह्यलीत."

पुंजाराम जागचे हटले नाहीत. बायकोपुढे हटावे तर सरदारी जाते.

तो विजयी पक्षाचे सरदार कचरू मिरवणूक घेऊन दाखल जाहले. त्यांनी जाहीर केले की फत्ते बद्रीनाथांची, सबब टँकर लुटीत आला. मग तसबीर उतरवावी म्हणोन ते वर चढले, आणि उतरवू नये म्हणोन पुंजारामही चढले, आणि एकाने तसबिरीतले डोके धरिले, दुसऱ्याने जोडलेले हात धरिले, आणि तसबीर मधोमध फाटली, आणि उभयतांची गचांडी जुंपली. दोन्ही फौजा खाली उभ्या राहून आपापल्या सरदारास जोर देऊ लागल्या.

सगुणाबाईंनी हळूच पुसिले, "भुजंगा, तोटी सोडतो का बाबा?"

भुजंगाने क्षणभर वर पाहिले. "काकू, मला हुकूम गाडी फिरवायचा हाय. गाडी तर फिरत न्हाई. तोटीचं कुणी काहीच बोललं न्हाई." ऐसे म्हणोन त्याने तोटी सोडिली.

मग घागरी भरिल्या, रांजण भरिले, परातीही भरिल्या. कचरूंच्या घरची नंदाबाई आणि पुंजारामांची सगुणाबाई एकच हंडा दोहीकडून धरून वाहू लागल्या. सरदारांची लढाई सरली तो टँकर पोकळ वाजत होता. उभयतां खाली उतरले आणि पाणी आपणच दिले ऐसा दोघांनी डांगोरा पिटला. कोणी बाईने मान वर केली नाही.

बद्रीनाथ आमदार होऊन मुंबईस गेले, अण्णासाहेब औरंगाबादेस विश्रांतीस गेले. वाडीचे पाणी दोन रोजांत सरले. मग सगुणाबाई सगळ्या बायांसह मंठ्याच्या तहसील कचेरीत जाऊन बसल्या, आणि साहेबांनी चहा मागविला तो नाकारिला, आणि विहीर खोल करण्याचा हुकूम हाती पडला तेव्हाच उठल्या. ज्येष्ठात विहिरीस झरा लागला. त्या साली राज्यात याहून मोठा निकाल लागल्याचे आमच्या ऐकिवात नाही, म्हणोन लिहून ठेविले.