केशरी दगड

हिंगणीच्या चंद्रभान किराणेवाल्याचं एक ठाम मत होतं: रडायचं ते बायाबापड्यांनी, गड्यानं नाही. हिवाळ्यात त्याची बायको जयवंता गेली. अख्खं गाव रडलं, पण या बाबाच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नाही. तेरवी उरकून त्यानं दुकान उघडलं. तेव्हापासून ना धड झोप, ना जेवण. गिऱ्हाइकानं साखर मागितली की हा मीठ तोलून देई.

मुलगी गुंजन घाबरली. चित्रांतून मनावर उपचार करणाऱ्या वर्ध्याच्या एका मॅडमकडे ती त्याला घेऊन गेली.

"मी का लहान पोट्टा आहो चित्र काढाले?" तो वाटभर कुरकुरला.

मॅडमनी त्याच्यापुढे एक दगड आणि रंग ठेवले. "काका, मनातलं ओझं यावर रंगवा. मग दूर कुठंतरी ठेवून या. मागं वळून पाहू नका."

चंद्रभानला चित्र कुठलं येतंय? जयवंताला केशरी रंग भारी आवडायचा, लुगडं घेतलं तरी केशरीच. त्यानं अख्खा दगड केशरी करून टाकला. परतताना बोर धरणाच्या रस्त्याला एका कडुनिंबाखाली ठेवला आणि मॅडमच्या शब्दाला जागून सरळ घरी आला. "झालं मोकळं," तो गुंजनला म्हणाला. झोप मात्र आली नाहीच.

आता झाडाखाली केशरी दगड दिसल्यावर आपल्याकडे कोणी विचारत बसतं का, की बाबा तू कोण? दुसऱ्या दिवशी त्यावर फूल पडलं. शनिवारी तेल आलं, रुईची माळ आली. मग नारळ फुटायला लागले, आणि ते घ्यायला माणसं चंद्रभानच्याच दुकानात.

"काऊन जी शेठ, मारुती निंघाला अन् तुम्ही अजून दर्शनाले नाई गेले?" शेजारच्या प्रेमदासनं विचारलं.

"मारुती नोहे तो."

"मंग कोण होय?"

बायको होय, असं कोणत्या तोंडानं सांगणार? तेही ब्रह्मचारी देवाच्या जागी! तो नारळ घेऊन निघाला. झाडाखाली ही गर्दी. प्रेमदासनं त्याला पुढं ढकललं. "डोकं टेकवा शेठ."

चंद्रभान वाकला आणि त्याला जयवंताचा आवाज आठवला. भांडण झालं की ती म्हणायची, "आज किंमत नाई माही. मेल्यावर पाया पडसान."

दगडाला कवटाळून तो असा ढसाढसा रडला, की आरती मध्येच थांबली.

"याले म्हणते भक्ती," प्रेमदास गहिवरून म्हणाला.

आता चंद्रभानला झोप लागते. फक्त दर शनिवारी चारचौघांत बायकोवर तेल ओतताना त्याला जरा अवघडल्यासारखं होतं.