थांबणारा इंग्रज

२०२२ साल होतं. मला एकाहत्तरावं सरत होतं आणि रोज दुपारी दोन वाजता माझं डोकं तापायचं. कारण भिंतीपलीकडचा वामनराव खैरे. हा माणूस जेवण झालं की टेपरेकॉर्डर लावायचा, लोखंडी खुर्चीत ताठ बसायचा आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायचा. बोट वर असेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. आमच्या काळेवाडीच्या गल्लीत हा कायदाच होता. एकदा गॅसवाला भरलेली टाकी खांद्यावर घेऊन त्याच्या दारात आठ मिनिटं उभा राहिला. बोट खाली आल्यावर वामनराव त्याला म्हणतो, "बघ, आता टाकी हलकी लागेल." गॅसवाल्याने जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला ते पटलं होतं.

टेपवर काय, तर पियानो. तोही इंग्लंडच्या लोकांनी रचलेला. दुसऱ्या कुणाचा चालायचा नाही. वामनरावाचा मुलगा महाळुंग्याला राहतो, आपल्या कंपनीच्या जवळ. गुरुवारच्या सुट्टीला यायचा. त्याने एकदा हौसेनं मोबाइलवर कुणा जर्मनाचा पियानो लावून दिला, तर वामनरावाने दोन मिनिटांत बंद करायला लावला. "जर्मन ढकलतो," म्हणाला. "इंग्रज थांबतो. मला थांबणारा पाहिजे."

मी चौथी शिकलो, तीही रडत. पण चाळीस वर्षं फिटर होतो. मशिनीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि कुठली बेअरिंग गेली ते मी सांगायचो. इंजिनिअर लोक मागनं कागदावर लिहायचे. तेव्हा आवाजातलं मला कळत नाही असं कुणी म्हणायचं काम नाही. आणि हा वामनराव, जन्मभर धाडधाडणाऱ्या पॉवर प्रेसवर डायच्या साच्यात पत्रा दाबणारा, मला सांगायचा, "फिटर, तुला कान आहेत, पण ऐकता येत नाही."

हे वेड त्याला एका इंग्रजानेच लावलं. वामनरावाच्या कंपनीत विलायतेहून नवा प्रेस आला, तेव्हा तो बसवायला एक साहेब आला होता, तीन महिने. वामनराव त्याच्या हाताखाली. साहेबाला सुट्टीच्या दिवशी करमायचं नाही, म्हणून तो ह्याला गेस्ट हाऊसवर बोलवायचा आणि आपल्या मुलखातल्या लोकांचा पियानो ऐकवायचा. ह्याला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही. साहेब हवेतच डावा हात हलवून दाखवायचा, मग उजवा, कुठं लक्ष द्यायचं ते खुणेनं सांगायचा. जाताना सात टेपा देऊन गेला.

टेपांवरची नावं वामनरावाला वाचता येईनात, म्हणून त्याने स्वतःची नावं ठेवली. एकीचं 'पडीक वावर'. एकीचं 'गिरणीला सुट्टी'. एक होती 'म्हातारी निघाली'. ती लावली की मला बळंच बसवून सांगायचा, "ऐक. डावा हात म्हणजे तिची काठी. उजवा म्हणजे ती मनाशी बडबडतीय. आता ती विसरली कुठं निघाली होती ते. थांबली बघ."

मी म्हणालो, "म्हातारीला रिक्षा करून दे आणि बंद कर."

एकदा तर मी सरळ विचारलं, "अरे, ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचा बाजा तुला गोड कसा लागतो?"

"राज्य करायला आले ते वेगळे," तो म्हणाला. "बाजा लिहिणारे घरी बसले होते."

मी उठून घरी आलो आणि दार आपटलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याने आवाज वाढवला. मुलाकडनं एक मोठा स्पीकर जोडून घेतला. माझ्या मांडणीवरची ताटं थरथरायला लागली. मी रोज दोन वाजून दहा मिनिटांनी त्याच्या दारात जायचो आणि तोंडाला येईल ते बोलायचो. त्याचे वडील, त्याचा इंग्रज, इंग्रजाचे वडील, कुणाला सोडलं नाही. आणि हा मला बघितलं की हसायचा. मनापासून हसायचा. मी आणखी भडकायचो.

मग एक दिवस दोन वाजले, सव्वादोन झाले, भिंत गप्प. झोपायला पाहिजे होतं, पण झोपच येईना. अडीचला उठलो आणि गेलो. भांडायलाच गेलो. आजारीबिजारी असशील तर आधी सांगायला काय होतं, म्हणून.

वामनराव खुर्चीत ताठ बसला होता. बोट वर. टेप फिरत होती. स्पीकरची वायर मागनं निघून जमिनीवर पडली होती.

"थांब," तो हळू म्हणाला. "थांबलाय तो. काय थांबलाय बघ आज!"

मी म्हणालो, "वामनराव, वायर निघालीय." त्याला काही कळलं नाही. मी कानाशी जाऊन ओरडलो.

बोट खाली आलं. "कधीची?"

"मला काय माहीत? अर्धा तास भिंत गप्प आहे," मी त्याच्या कानाशीच बोलत राहिलो.

"तू आला नाहीस," तो म्हणाला. "रोज तू शिव्या देत आलास की मला कळतं, लागलंय. खालचे जाड सूर थोडे पोटात जाणवतात, बाकीचं मी आठवून ऐकतो. आज वाटलं, फिटर गावाला गेला असेल."

"कानाचं मशीन घे की!"

"घातलं होतं. त्यातनं पियानो पत्र्यासारखा वाजतो. पत्रा काय कमी ऐकला?" मग म्हणाला, "पोराला बोलू नकोस. त्याला कळलं तर मला महाळुंग्याला नेईल आणि तिथं ह्या टेपा माळ्यावर जातील."

मला भयंकर राग आला. "कंपनीने कानात घालायला बोंडं दिली होती ना?"

"दिली होती. खिशात असायची. बोंडं घातली तर डाय तडकायच्या आधीचा आवाज कळतो का? तीस वर्षांत माझ्या हातनं एक डाय फुटली नाही, फिटर." हे त्याने छाती काढून सांगितलं. "तू घातली असती?"

मीही कधी घातली नव्हती. माझं नशीब, मला एकेका मशिनीपाशी घटकाभरच उभं राहावं लागायचं, त्याच्यासारखं दिवसभर प्रेससमोर नाही. पण ते मी कशाला कबूल करू? मी मागं सरून ओरडलो, "मूर्खा, डाय कंपनीची होती! कान तुझा होता!"

"काय?" त्याने विचारलं.

मी खाली वाकलो, वायर जोडली आणि घरी आलो. ताट पुढं आलं ते मी सरकवून दिलं.

"आता कुणाशी भांडलात?" बायकोने विचारलं.

"वामनरावाच्या कंपनीशी."

"ती बंद होऊन बारा वर्षं झाली," ती म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी त्याच्याकडे गेलो. तो दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण. तसाच धरून खुर्चीत बसवला, स्टूल ओढून समोर बसलो आणि टेप मीच लावली. त्याचे दोन्ही तळवे माझ्या गुडघ्यांवर उताणे ठेवून घेतले. पियानोवाल्याचा डावा हात पडला की त्याच्या डाव्या तळव्यावर एक बोट मारायचो, उजवा पडला की उजव्यावर. सुरुवातीला माझा घोटाळा झाला. तो डोळे मिटून बसला होता, साबण गालावर वाळत होता.

मधेच त्याने डोळे उघडले. "फिटर, तिथं दोन सूर एकदम आहेत. तू एकच मारलास."

होते दोन. मी चिडून टेप मागं फिरवली आणि ती जागा परत बडवली, दोन बोटांनी.