जावयानं हाकलेली बैलगाडी

बैलगाडी हाकणं आमच्या रक्तातच आहे! आज्यानं शर्यतीच्या पटात बैल पळवले, चुलत्यानं कारखान्याला ऊस वाहिला. मी स्वतः माजलगावात पाण्याच्या जळक्या मोटारी दुरुस्त करतो, पण रक्त कुठं जातंय? म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरात जाहीर केलं, "सिरसाळ्याकडं माळावर जुन्या गावाचं संग्रहालय उघडलंय. आपल्या पोरीला, शिवकन्याला, कळू द्या, आपली माणसं काय होती ते!"

सोबत सासूबाई होत्या, भामाबाई. या माउलीनं लग्नापासून माझं एकदाही कौतुक केलेलं नाही. पोरगी देताना "बरा हाय" म्हणाल्या, तेवढंच. आज त्यांच्या तोंडून शाबासकी काढायचीच, असा माझा पण होता.

संग्रहालय झकास होतं! कुडाची घरं, लोहाराचा भाता, विहिरीवर मोट. शिवकन्या जात्यावर बसली, मग कुंभाराच्या चाकावर मडकं करायला गेली आणि ताटली करून आली. ऊन उतरल्यावर बैलगाडीची फेरी होती. हौशा आणि नवशा, दुधासारखी पांढरी जोडी! गाडीवानाचं नाव सुग्रीव.

"सुग्रीवभाऊ, तुमी निवांत चहा घ्या. ही फेरी मी मारतो."

"जमंल का पण?"

"रक्तात हाय!"

"मंग माळाला वळसा घालून आणा."

मी कासरा धरला. छाती अशी फुगली की शर्टाच्या बटणांनी देवाचं नाव घेतलं. राजश्रीनं, म्हणजे बायकोनं, मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला. लोहार मागं पडला, कुंभार मागं पडला, वळण आलं. मी कासरा ओढला. बैलांनी कानसुद्धा हलवला नाही. गाडी सरळ फाटकाच्या बाहेर!

"अहो, फाटक गेलं की मागं!" राजश्री ओरडली.

"मीच काढली बाहेर. तेवढ्याशा फेरीत काय मजा?"

"सगळ्यांनाच नेतेत व्हय इतकं लांब?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाई मामी, तुमच्यासाठी खास!"

डांबरी रस्ता लागला आणि समोरून हॉर्न वाजवत परळीची एसटी! मी "हो! हो! हो!" करत कासऱ्याला लोंबकळलो. बैल थांबले नाहीत. एसटी थांबली!

"अय, बहिरा हाय का बे?" ड्रायव्हर खिडकीतून गरजला.

"पप्पांनी एसटी थांबवली!" शिवकन्या टाळ्या पिटू लागली. खिडक्यांतून मोबाईल बाहेर आले. मीही निवडून आल्यासारखा हात हलवला. आणि मग ते घडलं! सासूबाईंनी खिडकीतल्या एका अनोळखी बाईला ओरडून सांगितलं, "आमचे जावई हायत!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुळीनं, पण बरंचसं अभिमानानं.

मागून हातातला चहाचा ग्लास सांडत सुग्रीव पळत येत होता. त्याच्याही मागं संग्रहालयाचा मॅनेजर प्रवीण.

"हे कशाला पळायलेत?" सासूबाई म्हणाल्या.

"निरोप द्यायला आलेत, मामी."

तेवढ्यात बैल आपणहून एका बोळात वळले, पत्र्याच्या घरापुढं थांबले आणि पाण्याच्या हौदात तोंड घालून मोकळे झाले. आतून म्हातारी आली. सुग्रीवची आई, भिवराबाई.

"आलात का रं लेकरांनो? आन् हे पाव्हणे कोन?"

"रस्ता न इचारता आणलं बगा आमच्या जावयानं!" सासूबाई म्हणाल्या.

"जावयानं? आवं, ही बैलं तर रोजच..."

"आजी, ताक हाय का ताक?" मी जिवाच्या आकांतानं विचारलं. त्या ताक आणायला वळल्या आणि माझी अब्रू वाचली. सुग्रीव पोहोचला, पण त्याला इतका दम लागला होता की बोलणं शक्यच नव्हतं. मी त्याची पाठ थोपटली. प्रवीणलाही ताक पाजलं.

घरी येईपर्यंत सासूबाई माझी कीर्ती गात होत्या. तीन शेजारणींना तर उभ्या उभ्या सांगून झालं!

चार दिवसांनी जेवायला बसलो असताना प्रवीणचा फोन आला. मी मुद्दाम स्पीकर लावला.

"साहेब, वहिनींनी टाकलेला व्हिडिओ लई चाललाय! लोकं तीच लांबची फेरी मागायलेत. उद्यापासून रोज ठेवली."

मी सासूबाईंकडं बघून मिशीवरून हात फिरवला. "मग येऊ का उद्या हाकायला?"

"छे छे, तुमी कशाला तरास घेता? हाकायचं कामच न्हाई. कासरा सोडून बसायचं. सांज झाली की ते आपोआप घरी जातेत!"

फोन बंद झाला. सासूबाईंनी शांतपणे भाकरी मोडली.

"काही म्हणा जावईबापू," त्या म्हणाल्या, "बैलं लई गुणाची हायत!"